फोन लागतो, पण आवाज येत नाही: घरच्या इंटरनेटवर लँडलाइन आणताना

तांब्याच्या तारेची जुनी टेलिफोन लाइन काढून तिच्या जागी इंटरनेटवर चालणारा फोन बसवायचा, हे काम वरवर पाहता अर्ध्या तासाचं आहे. एक छोटा अडॅप्टर आणायचा, त्याची एक वायर राउटरला लावायची, दुसरी फोनला, सेवा देणाऱ्या कंपनीकडून मिळालेलं नाव आणि पासवर्ड टाकायचा, की झालं. माझ्याकडेही फोन पहिल्याच संध्याकाळी लागला. खरं काम त्यानंतर सुरू झालं. फोन लागायचा पण पलीकडचा आवाज यायचा नाही. बाहेरून आलेला फोन अर्ध्या मिनिटात तुटायचा. थोडा वेळ फोन वापरला नाही की बाहेरच्यांना तो लागेनासा व्हायचा. यातल्या प्रत्येक दुखण्याला नेमकं कारण होतं आणि ते शोधता येण्यासारखं होतं. पण बरीच माणसं नेमकी याच टप्प्यावर कंटाळून हा नाद सोडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. तिची नजर आता अधू झाली आहे. मोबाइलच्या काचेवर बोट कुठे टेकवायचं ते तिला दिसत नाही, पण मोठ्या बटणांचा तिचा जुना फोन ती अंधारातही लावते. पाचच्या बटणावरचा बारीक उंचवटा बोटाला लागला की बाकीचे आकडे तिला आपोआप सापडतात. म्हणून यंत्र तेच राहिलं पाहिजे, क्रमांक तोच राहिला पाहिजे, बदलायची ती फक्त मागची तार, हे मी आधीच ठरवलं होतं. क्रमांक नव्या सेवेकडे नेता येतो का आणि कसा, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. ते आधी पाहून घ्यावेत. एक गोष्ट मात्र सगळीकडे पाळण्यासारखी आहे. क्रमांक नव्या सेवेवर प्रत्यक्ष चालू होईपर्यंत जुनी लाइन बंद करण्याचा अर्ज देऊ नये. लाइन आधी बंद झाली तर क्रमांक हातचा जाऊ शकतो.

इंटरनेटवरचा फोन तीन तऱ्हांनी घेता येतो: मोबाइलमधलं किंवा कॉम्प्युटरवरचं ॲप, नेटवर्कची केबल थेट लागणारा आयपी फोन, किंवा साधा फोन जोडता येईल असा अडॅप्टर. माझ्यापुढे तिसराच पर्याय होता. अडॅप्टर निवडताना एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. टेलिफोनची वायर बसेल अशी दोन प्रकारची सॉकेट असतात आणि ती दिसायला अगदी सारखी असतात. एफएक्सएस सॉकेट फोनला वीज, डायल टोन आणि घंटी पुरवतं. फोन लावायचा तो यातच. एफएक्सओ सॉकेट स्वतःच फोनसारखं वागतं. बाहेरून येणारी टेलिफोन लाइन त्यात लावतात. ज्याला फक्त घरचा फोन चालवायचा आहे त्याला एफएक्सएस पुरे. घरात गोल चकती फिरवायचा फोन असेल तर आणखी एक चौकशी करावी, कारण चकतीचे ठोके बऱ्याच अडॅप्टरना समजत नाहीत. त्यांना बटणांचे सूरच लागतात.

आमच्या घरात टेलिफोनची वायर भिंतीतून तीन खोल्यांत फिरवलेली आहे. अडॅप्टर त्यातल्या एका सॉकेटला जोडला की बाकीच्या खोल्यांतले फोनही चालतात, ही सोय छान आहे. पण त्याआधी बाहेरून येणारी लाइन घराच्या वायरिंगपासून पूर्ण सोडवून घेतली पाहिजे. एक्स्चेंजमधून त्या तारेवर सुमारे ४८ व्होल्ट सतत येत असतात आणि घंटीच्या वेळी त्याहून कितीतरी जास्त. अडॅप्टरही आपल्या बाजूने तारेत वीज सोडतो. दोन्ही एकमेकांना भिडली तर अडॅप्टर जळू शकतो. लाइन ‘बंद झाली’ असं कंपनीने सांगितलं तरी तारेतली वीज गेलेलीच असेल असं धरून चालू नये. तार काढून, टोकाला टेप गुंडाळून, मगच पुढचं काम.

आता मूळ मुद्दा. इंटरनेटवरच्या एका फोनमागे दोन वेगळे प्रवास असतात. ‘अमक्याला फोन लाव’, ‘घंटी वाजतेय’, ‘उचलला’, ‘ठेवला’ हे निरोप एसआयपी नावाच्या पद्धतीने जातात. ही पद्धत १९९९ मध्ये आली आणि आज जी वापरात आहे ती आरएफसी ३२६१ या इंटरनेटच्या नियमांच्या २००२ सालच्या दस्तऐवजात लिहिलेली आहे. प्रत्यक्ष आवाज मात्र आरटीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीने, वेगळ्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरचं क्रमांक दिलेलं दार), बऱ्याचदा वेगळ्याच सर्व्हरकडे जातो. निरोप साधारणपणे ५०६० या पोर्टवरून जातात. आवाजासाठी कुठलं पोर्ट वापरायचं ते प्रत्येक फोनच्या वेळी निरोपातच ठरतं. म्हणून फोन लागणं आणि आवाज येणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. काहीही बिघडलं की मी पहिला प्रश्न हाच विचारायला लागले: यातला कुठला प्रवास अडलाय? या एका प्रश्नाने अर्धं काम हलकं झालं.

पहिली पायरी नोंदणीची. अडॅप्टर सर्व्हरला कळवतो की मी अमुक नावाचा फोन, सध्या अमुक पत्त्यावर आहे. अडॅप्टरचा लॉग, म्हणजे आल्यागेल्या निरोपांची नोंदवही, उघडला तर या पहिल्या निरोपावर सर्व्हरचं उत्तर ‘४०१, परवानगी नाही’ असं दिसतं आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ते उत्तर अगदी रीतसर आहे. सर्व्हर त्यासोबत एक आकड्या-अक्षरांची ओळ पाठवतो, अडॅप्टर ती ओळ आणि पासवर्ड यांच्यापासून एक सही तयार करून तोच निरोप पुन्हा पाठवतो, आणि मग ‘२००, ठीक’ येतं. पासवर्ड उघडा कधीच जात नाही. ४०१ नंतर पुन्हा ४०१ किंवा ४०३ येत राहिलं, तरच नाव किंवा पासवर्ड तपासायचा.

रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन ऐकू येतो, तो अडॅप्टर स्वतःच तयार करतो. जुन्या लाइनवर डायल टोन म्हणजे एक्स्चेंजपर्यंत सगळं ठीक, असा अर्थ होता आणि तो कानात पक्का बसलेला असतो. इथे काही अडॅप्टर इंटरनेट तुटलेलं असतानाही तोच सूर ऐकवत राहतात. माझ्या अडॅप्टरमध्ये नोंदणी नसेल तेव्हा डायल टोन देऊ नये, असं सेटिंग होतं. ते मी लगेच लावलं. आईला फोन उचलताच काही ऐकू आलं नाही तर ती मला हाक मारेल, हे तिने क्रमांक फिरवून वाट पाहत बसण्यापेक्षा बरं.

नोंदणी झाली आणि मी भावाला फोन लावला. त्याच्याकडे घंटी वाजली, त्याने उचलला, त्याला माझा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसती शांतता, खरखर सुद्धा नाही. म्हणजे निरोपांचा प्रवास ठीक, जाणारा आवाज ठीक, येणारा आवाज वाटेत कुठेतरी हरवलेला. पाणी कुठे मुरतंय ते आता शोधायचं होतं.

घरातल्या यंत्रांना राउटर जे पत्ते देतो, १९२.१६८ ने सुरू होणारे, ते फक्त घरापुरते असतात. बाहेरच्या जगाला सगळं घर मिळून एकच पत्ता दिसतो, आणि कुठलं पॅकेट, म्हणजे माहितीचा कुठला तुकडा, घरातल्या कुठल्या यंत्राचा याची नोंद राउटर ठेवतो. या व्यवस्थेला नॅट म्हणतात. वेब पानं बघताना ती बिनबोभाट चालते, कारण तिथे पत्ता फक्त पॅकेटच्या वरच्या भागात असतो. फोनच्या निरोपात मात्र पत्ता आतल्या मजकुरातही लिहिलेला असतो: ‘आवाज या पत्त्यावर, या पोर्टला पाठव’. अडॅप्टरला स्वतःचा घरातलाच पत्ता माहीत, म्हणून तो तोच लिहितो, आणि त्या पत्त्यावर बाहेरून कुणीही पोचू शकत नाही.

चांगल्या सेवा देणाऱ्यांना हे ठाऊक असतं. त्यांचा सर्व्हर मजकुरातला खासगी पत्ता पाहतो, हा फोन नॅटच्या मागे आहे हे ओळखतो, आणि लिहिलेल्या पत्त्याकडे दुर्लक्ष करून जिथून आवाजाची पॅकेट येताहेत तिथेच आपला आवाज परत पाठवतो. माझ्या कंपनीचा सर्व्हरही असंच करतो, असं त्यांच्या मदत केंद्रातल्या माणसाने सांगितलं. मग अडलं कुठे? त्यानेच पुढे एक मोलाची गोष्ट केली. माझ्या फोनचा निरोप त्यांच्याकडे जसा पोचला होता तसा त्याने मला पाठवला, आणि मी तो अडॅप्टरच्या लॉगमधल्या निरोपाशेजारी ठेवला. ओळीला ओळ लावून वाचत गेले. अडॅप्टरने आवाजासाठी लिहिलेला पत्ता घरातला होता आणि पोर्ट १६४०२. त्यांच्याकडे पोचलेल्या निरोपात त्याच ओळीत आमच्या घराचा बाहेरचा पत्ता होता आणि पोर्ट भलतंच. मधल्या वाटेत कुणीतरी मजकूर बदलला होता, आणि मध्ये होता फक्त राउटर.

राउटरमधल्या त्या सोयीचं नाव एसआयपी एएलजी. नॅटच्या मागचे फोन नीट चालावेत म्हणून ती निरोपातले पत्ते वाचून बदलते. हेतू चांगला, पण पुष्कळ राउटरमध्ये ते काम अर्धवट होतं. पोस्टमनने वाटेत पाकीट फोडून आतला पत्ता आपल्या समजुतीने दुरुस्त करावा आणि पुन्हा चिकटवून पुढे द्यावं, तसा हा प्रकार. माझ्या राउटरने पत्ता बदलला, पण जे पोर्ट लिहिलं ते प्रत्यक्षात उघडलंच नाही. वर खासगी पत्ता पुसला गेल्यामुळे सर्व्हरला वाटलं की हा फोन नॅटच्या मागे नाहीच. मग त्याने लिहिलेल्या पोर्टवर इमाने आवाज पाठवला आणि तो राउटरच्या दाराशीच संपला. मदतीसाठी ठेवलेल्या सोयीने सर्व्हरची स्वतःची मदत निकामी केली होती.

ते सेटिंग बंद केलं, राउटर आणि अडॅप्टर दोन्ही पुन्हा चालू केले, आणि भावाचा आवाज आला. हे सेटिंग बहुधा राउटरच्या फायरवॉल, नॅट किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर असतं, आणि ते नव्या राउटरमध्ये आधीपासून चालू असणं अगदी सर्रास आहे. काही राउटरमध्ये ते बंद करण्याची सोयच नसते. अशा वेळी सेवा देणाऱ्याकडे निरोप कुलूपबंद करून पाठवायची सोय आहे का ते विचारावं. तिला टीएलएस म्हणतात आणि तिचं ठरलेलं पोर्ट ५०६१. निरोप वाचताच आला नाही तर राउटर तो बदलणार कसा? तेही जमत नसेल तर ५०६० सोडून दुसरं पोर्ट वापरून पाहावं. बरेच राउटर फक्त ५०६० वरच नजर ठेवून असतात.

बाहेरून आलेला फोन अर्ध्या मिनिटात तुटण्याचं कारणही इथेच सापडलं, आणि ते मला फार आवडलं, कारण तिथे आकडा स्वतःच बोलतो. फोन कधी वीस सेकंदांनी, कधी दोन मिनिटांनी असा तुटत नव्हता. दर वेळी बत्तीस सेकंद. एसआयपीमध्ये फोन उचलला की उचलणारा ‘२००, ठीक’ पाठवतो आणि समोरच्याने ‘मिळालं’ अशी पोच द्यायची असते. पोच आली नाही तर उचलणारा तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. ही वाट किती वेळ पाहायची तेही आरएफसीमध्ये लिहिलेलं आहे: अर्ध्या सेकंदाच्या चौसष्ट पट, म्हणजे बत्तीस सेकंद. तोवर पोच नाही आली तर फोन तोडायचा. माझा अडॅप्टर नियमाने वागत होता. पोच पाठवण्यासाठी दिलेला पत्ताही राउटरने बदललेला असल्यामुळे ती पोच घरी येतच नव्हती. कुणाचा फोन ठरावीक बत्तीस सेकंदांनी तुटत असेल तर आवाज, वेग, वायर यांच्या मागे न लागता हरवलेली पोच शोधावी.

तिसरी अडचण निराळी होती. फोन बाहेर कधीही लागायचा, पण थोडा वेळ घरात कुणी वापरला नाही की बाहेरून येणारे फोन घंटी न वाजताच परत जायचे. आपण रिसीव्हर उचलून एक फोन केला की पुन्हा काही काळ सगळं सुरळीत. नॅटच्या वहीतली नोंद कायमची नसते. ठरावीक वेळ त्या वाटेने एकही पॅकेट गेलं नाही की राउटर ती पुसून टाकतो, आणि यूडीपी नावाच्या, पोच न मागता पाठवल्या जाणाऱ्या पॅकेटच्या बाबतीत (फोनचे निरोप बहुधा असेच जातात) कित्येक राउटर ती अर्ध्या-एक मिनिटातच पुसतात. नोंद गेली की सर्व्हरकडून येणाऱ्या निरोपाला आत शिरायला वाट राहत नाही. माझा अडॅप्टर तासाने एकदाच नोंदणी करत होता, मधल्या वेळात गप्प. त्याच्यातलं ‘कीप अलाइव्ह’ चालू केलं आणि दर वीस सेकंदांनी एक लहानसं पॅकेट पाठवायला सांगितलं. तेव्हापासून ती वाट उघडी आहे.

या अडचणींवर एक सरसकट उपाय सगळीकडे सुचवला जातो: राउटरमध्ये ५०६० आणि १०००० ते २०००० ही सगळी पोर्ट अडॅप्टरकडे वळवून टाका. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. नोंदणी करून चालणाऱ्या घरगुती फोनला त्याची गरज नसते. शिवाय इंटरनेटवर ५०६० उघडं असलेलं यंत्र शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. ते सापडलेल्या अडॅप्टरला थेट फोन लावून पाहतात; मध्यरात्री घंटी वाजते, फोनच्या छोट्या पडद्यावर १०० किंवा १००१ असा क्रमांक दिसतो आणि उचललं तर कुणीच नसतं. घरात वयस्कर माणूस असेल तर अवेळी वाजलेली घंटी किती धास्ती देते ते सांगायला नको. पोर्ट न वळवता सुद्धा काही राउटरवर असे फोन आत येऊ शकतात, म्हणून अडॅप्टरमध्ये आणखी एक सेटिंग मी लावून टाकलं: ज्या सर्व्हरकडे नोंदणी आहे त्याच्याकडूनच आलेले निरोप स्वीकारायचे, बाकीचे सोडून द्यायचे. अडॅप्टरच्या पानाचा मूळ पासवर्डही तेव्हाच बदलला. ज्याच्या हाती एसआयपीचा पासवर्ड लागतो तो आपल्या खात्यावर महागडे परदेशी फोन करू शकतो, म्हणून सेवेच्या खात्यात परदेशी फोन बंद ठेवण्याची किंवा खर्चाला मर्यादा घालण्याची सोय असेल तर ती वापरावी.

जाता जाता, राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानेही सुरू होणारा पत्ता दिसला तर इंटरनेट कंपनीनेही आपल्या पुढे एक नॅट घातलेलं आहे. मग पोर्ट वळवून उपयोग होतच नाही. नोंदणी आणि कीप अलाइव्हवर चालणारा फोन मात्र तिथेही चालतो.

आता आवाजाचा दर्जा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो वेळ सार्थकी लागला. आई बोलताना मध्येच अक्षरं गळायची, विशेषतः संध्याकाळी. इंटरनेटचा वेग मोजला तर भरपूर. फोनला लागतं तरी किती? जी.७११ हा टेलिफोनचा जुना, भरवशाचा कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करण्याची पद्धत. त्यात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येकी आठ बिट, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. तो वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून सेकंदाला ५० पॅकेट जातात. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्त्यांचा मजकूर. एकूण ८० किलोबिट जायला आणि तेवढेच यायला. आजच्या कुठल्याही ब्रॉडबँडला हे किरकोळ आहे. वेग वाढवून घ्या हा सल्ला इथे अगदीच गैरलागू ठरतो.

घोडं पेंड खात होतं रांगेपाशी. संध्याकाळी सगळे घरी आले की मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढायला लागायचे. वर जाणारा वेग बऱ्याचदा खाली येणाऱ्या वेगापेक्षा कमी असतो, तो भरून जायचा, आणि राउटर जास्तीची पॅकेट टाकून न देता आपल्या मेमरीत रांगेत उभी करायचा. त्या रांगेच्या शेवटी आईच्या आवाजाची पॅकेट. एका खोलीत पिंग (बाहेरच्या यंत्राला हाक देऊन उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) चालू ठेवून दुसऱ्या मोबाइलवरून मोठा व्हिडिओ वर चढवला. वीस मिलिसेकंदांच्या आसपास येणारी उत्तरं बघता बघता चारशेच्या पुढे गेली. एका बाजूचा विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. त्यापुढे माणसं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात. विलंब कमीजास्त झाला की अडॅप्टर आपल्या जिटर बफरने, म्हणजे पॅकेट क्षणभर साठवून सारख्या अंतराने सोडणाऱ्या जागेने, तो सांभाळून घेतो, पण उशिरा आलेलं पॅकेट त्याला टाकूनच द्यावं लागतं. गळणारी अक्षरं ती हीच.

या रांगेला बफरब्लोट म्हणतात आणि तिच्यावरचा उपाय लोकांसाठी खुला आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. तिच्यावरच उभं असलेलं एफक्यू-कोडेल २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झालं. त्यात प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी असते आणि फोनसारखे बारीक प्रवाह मोठ्या प्रवाहांच्या मागे अडकून पडत नाहीत. ज्या राउटरमध्ये हे आहे, किंवा ज्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर बसवता येतं, तिथे एसक्यूएम (रांग सांभाळणारं सेटिंग) चालू करून वर जाण्याचा वेग मोजलेल्या वेगाच्या साधारण ८५ ते ९० टक्क्यांवर बांधायचा. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग इंटरनेट कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये, आपल्या ताब्यात राहते. हे केल्यावर तोच व्हिडिओ पुन्हा वर चढवला आणि पिंग तीसच्या पुढे गेला नाही. आईला फरक सांगावा लागला नाही. ती पूर्वीसारखी लांबलचक बोलायला लागली.

अडॅप्टर वायफायवर न ठेवता केबलनेच जोडावा, हे मात्र एका वाक्यात संपवते. त्याला पर्याय शोधू नये.

प्रतिध्वनीची तक्रार आमच्याकडून नव्हती, भावाकडून होती. आमच्याशी बोलताना त्याला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येई. प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो, दोष बहुतेक वेळा त्याच्या समोरच्या टोकाला असतो, हे कळायला वेळ लागतो. साध्या फोनमध्ये जाणारा आणि येणारा आवाज एकाच दोन तारांवर असतो. अडॅप्टरमध्ये ते वेगळे केले जातात, आणि अडॅप्टरचा व तारेचा विद्युत अवरोध (सेटिंगमध्ये ‘इम्पीडन्स’) जुळत नसेल तर येणाऱ्या आवाजाचा काही भाग परत पाठवला जातो. अडॅप्टरमध्ये या अवरोधाचे पर्याय असतात: ६०० ओहमचा साधा, आणि देशादेशांच्या टेलिफोन पद्धतीनुसार वेगवेगळे मिश्र. भावाला लाइनवर ठेवून एकेक पर्याय लावून पाहिला. प्रत्येक वेळी तो ‘एक, दोन, तीन’ म्हणायचा आणि काय ऐकू येतंय ते सांगायचा. एका पर्यायावर प्रतिध्वनी जवळजवळ गेला. आवाजाची पातळीही थोडी खाली आणली, मग उरलासुरलाही गेला.

बँकेच्या किंवा दवाखान्याच्या यंत्राने ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हटल्यावर आपण दाबलेलं त्याला कळत नसेल, तर बटणांचे सूर कसे पाठवले जाताहेत ते पाहावं. ते आवाजातच मिसळून जाऊ शकतात, पण जी.७२९ सारखा सेकंदाला ८ किलोबिटांत आवाज दाबणारा कोडेक सूर विकृत करतो. बटण दाबल्याची खबर वेगळ्या पॅकेटने पाठवायची पद्धत आरएफसी ४७३३ मध्ये आहे. सेटिंगमध्ये बहुधा तिच्या आधीच्या दस्तऐवजाचा आकडा, २८३३, लिहिलेला असतो. दोन्ही टोकांना तीच निवडली की प्रश्न मिटतो.

क्रमांक फिरवून झाल्यावर काही सेकंद नुसती शांतता पसरायची, तीही मला खटकत होती. अजून आकडे येतील म्हणून अडॅप्टर वाट पाहतो. शेवटी चौकटीचं (#) बटण दाबलं की तो लगेच फोन लावतो, पण आईने आयुष्यभर जे बटण कधी दाबलं नाही ते आता का दाबावं? म्हणून डायल प्लॅनमध्ये, म्हणजे कुठला क्रमांक कधी पूर्ण झाला हे अडॅप्टरला सांगणाऱ्या सेटिंगमध्ये, आमच्याकडच्या क्रमांकांची लांबी लिहून टाकली. तितके आकडे पूर्ण झाले की वाट न पाहता फोन लागतो. त्याच ठिकाणी आणीबाणीचे छोटे क्रमांकही आवर्जून लिहावेत, नाहीतर लांबीत न बसणारा म्हणून अडॅप्टर तो क्रमांक अडवून ठेवू शकतो. इंटरनेटवरचा फोन कुठल्या घरातून केला जातोय हे आपोआप कळत नाही. सेवेच्या खात्यात घराचा पत्ता नोंदवायची जागा असेल तर तो नेमका भरावा, आणि या सेवेवरून आणीबाणीचे क्रमांक मुळात लागतात का हे लेखी विचारून घ्यावं. काही सेवांवरून ते लागत नाहीत. आमच्याकडे म्हणून फोनशेजारी एक साधा बटणांचा मोबाइल चार्जिंगला कायम ठेवलेला आहे.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न जुन्या लाइनला कधी पडला नाही, कारण तिची वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून यायची. आता फायबरचा डबा, राउटर आणि अडॅप्टर या तिघांनाही वीज हवी, आणि एकाची जरी गेली तरी फोन गेला. तिघंही एकाच लहान यूपीएसवर घेतले. मिळून ती पंचवीस वॅटच्या आत राहतात, त्यामुळे कॉम्प्युटरला काही मिनिटं पुरणारी बॅटरी यांना बराच वेळ पुरते. किती ते कागदावर मोजत बसण्यापेक्षा दिवसाउजेडी प्लग काढून फोन चालू ठेवून पाहिलं. बॅटरी जुनी होत जाते, म्हणून ही चाचणी अधूनमधून पुन्हा करते.

सगळं बसल्यावर अडॅप्टरच्या सेटिंगची फाइल काढून ठेवली आणि राउटरच्या प्रत्येक बदललेल्या पानाचा फोटो. राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की एएलजी पुन्हा चालू झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून अपडेटनंतर माझी ठरलेली तपासणी आहे: बाहेर असताना मोबाइलवरून घरी फोन लावायचा, आईला उचलायला सांगायचं, दोन्हीकडून आवाज येतोय ना ते ऐकायचं, आणि निदान चाळीस सेकंद बोलत राहायचं.